पेन्सिलीने लिहिलेली माणसं

मी फार बोलणाऱ्यांतला नाही. वर्गात मुलांपुढे बोललो असेन तेवढंच. त्यामुळे ही गोष्ट इतकी वर्षं माझ्या पोटात राहिली, याचं घरात कोणाला नवल वाटणार नाही. वाटलंच तर एवढंच वाटेल, की याच्याही पोटात काही होतं. आता माझी पन्नाशी उलटली आहे आणि जिला हे सांगायला हवं होतं ती बाई राहिलेली नाही. म्हणून लिहितो.

ऐंशी साली मला प्राथमिक शिक्षकाची नोकरी लागली ती चिपळूण तालुक्यातल्या एका आतल्या गावी. माझं घर दापोलीकडे, मुरुडच्या अलीकडे. समुद्राच्या आवाजात वाढलेला मी. या गावात संध्याकाळ झाली की काहीच ऐकू येत नसे. सावर्ड्याला एस.टी.तून उतरायचं आणि पुढे दोन तास चालायचं. गावाचे दोन भाग होते. खाली वहाळाच्या काठाने मोठी वाडी, तिथेच शाळा, चावडी, देऊळ, दोन दुकानं. आणि अर्ध्या तासाचा चढ चढून वर सड्यावर दुसरी वाडी. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात हिरवं, एरवी भाजलेल्या विटेसारखं. शिमगा झाला की वरची विहीर तळाला जायची आणि तिथल्या बायका हंडे घेऊन खाली यायच्या, चढ चढून परत जायच्या. खालच्या वाडीत पंचायतीने टाकी बांधून नळ दिले होते. तो पाइप वर गेला नाही, कारण पंचायतीत वरचं कोणी नव्हतं. कारण एवढंच होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

शाळेच्या मागच्या खोलीत मी एकटा राहायचो. आठवडाभर स्वतः भात शिजवायचो आणि रविवारी वर चढून जायचो. वर एक काकी होत्या. नवरा वारलेला, थोरला मुलगा बायको-पोरासकट मुंबईला, धाकटाही मुंबईला. त्यांना छापलेलं वाचता यायचं, पण लिहायला हात वळत नसे. म्हणून मुलांना पत्र लिहून घ्यायला त्या शाळेत आल्या. पहिलं पत्र लिहिलं त्या दिवशी म्हणाल्या, "गुरजी, ऐतवारी येवा. तुमच्या हातचा भात बघितलाय मी, कुत्र्याने पन हुंगला नसता." तेव्हापासून दर रविवारी त्यांच्या पडवीत नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी. मी काही बोलत नसे. त्या बोलायच्या. आठवड्यात मला मायेने विचारणारं तेवढंच माणूस होतं.

पुढच्या वर्षी, एक्क्याऐंशीला, जनगणना आली. काकी तिला शिरगणती म्हणायच्या. आम्हा शिक्षकांना ते काम होतंच. तालुक्याला जाऊन प्रशिक्षण घेतलं, नियमांचं जाड पुस्तक मिळालं. त्यातला एक नियम मला फार आवडला होता. फेब्रुवारीतले वीस दिवस ठरवलेले. जो माणूस एरवी घरात राहतो आणि त्या दिवसांत एकदा तरी घरी होता, तो त्या घरचा. जो सगळे दिवस बाहेर, तो जिथे असेल तिथे मोजला जाणार. एक माणूस एकदाच, एकाच जागी. कोणीतरी, कुठेतरी बसून, माझाही हिशोब धरून हे ठरवलंय असं वाटून बरं वाटलं होतं.

वरच्या वाडीत पहिलं घर काकींचंच घेतलं.

"माणसं किती?"

"पाच," काकी म्हणाल्या. "मी, थोरला, त्याची बायको, त्यांचं प्वार आनि धाकटा."

"हे सगळे मुंबईला ना?"

"मग? चाकरीला गेले म्हंजे काय घरातनं गेले?"

मी नियम सांगितला. या वीस दिवसांत ते येऊन गेलेत का, विचारलं.

"आता कशे येतील? शिमग्याला येतील. शिमग्यात मोजायला या, गुरजी, खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. सरकारला काय, आमी एकट्या आसतो तवाच मोजायला सुचतं?"

"त्यांना तिकडे मोजतील, काकी."

"कोन मोजतो? धाकटा ऱ्हातो त्या खोलीत आमच्या वाडीचे सगळे बाप्ये, पाळीपाळीने झोपतात. मोजनारा गेला तर निम्मे कामावर. आनि तिकडं मोजून आमाला काय?"

इथे मी गप्प राहायला हवं होतं. पण मला येत होतं ते सांगायची हौस. चौथीच्या मुलांना सांगावं तसं सांगितलं, की या आकड्यांवर पुढे पंचायतीचे वॉर्ड पाडतात. गावची सगळी माणसं घ्यायची, सभासदांच्या संख्येने भागायची. जे उत्तर येईल तेवढ्या माणसांमागे एक सभासद. तुमच्या वाडीत तेवढी माणसं भरली तर तुमचा वॉर्ड वेगळा, तुमचा सभासद तुमचा. तान्हं मूलसुद्धा यात धरतात.

काकी भाकरी थापता थापता थांबल्या.

"म्हंजे मत नसलेलं प्वार चालतं, आनि मत असलेला बाप्या नाय चालत?"

"मतदारयादीत नाव आहे त्यांचं?"

"हाय तर. दोघा पोरांचं नि सुनेचं. मागल्या येळी येऊन मत टाकून गेले. मत हितलं नि मानूस थितला, असं कसं हो?"

मी नियमांचं पुस्तक चाळलं. त्यात हे कुठे नव्हतं.

भाकरी तव्यावर पडली. काकी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लिवा हो. पाच लिवा. तुमचं काय जातं?"

मला तोंडावर नाही म्हणता येत नाही. आजही येत नाही. माझ्याकडे एक कच्ची वही होती, तीत आधी पेन्सिलीने टिपून मग छापील कागदांवर शाईने उतरवायचं अशी मी माझ्यापुरती रीत ठेवली होती. त्या वहीत मी पाच नावं लिहिली. काकी म्हणाल्या, वाचून दाखवा. मी वाचून दाखवली. मुलांची नावं एकापुढे एक ऐकताना त्या हात पिठाचे तसेच धरून ताठ बसल्या होत्या. मग उठल्या, माझ्यापुढे चालू लागल्या आणि शेजारच्या खळ्यातूनच, म्हणजे अंगणातूनच, ओरडल्या, "गुरजी मुंबयवाल्यांची पन लिवतायत गो, सगळ्यांची सांगा."

एका घरी लिहिली तर दुसऱ्या घरी नाही कसं म्हणणार? प्रत्येक घरी मी लिहिलं. कोणी खोटं नाव सांगितलं नाही. जन्मलेलं, जिवंत असलेलं, शिमग्याला येणारं माणूसच प्रत्येकीने सांगितलं. एक म्हातारी तर नावं सांगता सांगता हसायला लागली. म्हणाली, "कितीक वर्सांनी घर भरल्यासारखं झालं." संध्याकाळी मी वही घेऊन उतरलो तेव्हा ती सगळी वाडी माझ्या काखेत होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दार लोटून बसलो आणि नावं खोडली. रबर लहान होतं, शाळेतल्याच एका मुलाचं. एकेक नाव घासत गेलो. काकींच्या घरात पाचाचं एक राहिलं. काही घरांत दोन राहिली, तीन राहिली. बहुतेक सगळ्या बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं. मग ती शाईने उतरवली. हेडमास्तरांनी तपासली, म्हणाले, "खाडाखोड नाही. छान." त्याच कामात खालच्या वाडीत मी माझी स्वतःची खोली लिहिली. माणसं, एक. त्या गावात माझं कोणी नव्हतं, पण त्या वाडीच्या माणसांत मी एकाची भर घातली.

शिमग्याच्या सुट्टीत घरी गेलो तर आई घुश्शात. "त्या मास्तरानं तुला लिहिलंन नाही. मी सांगत होत्ये त्याला, घरातला आहे, नोकरीला गेलाय. म्हणतो, तिकडे लिहितील." मी जेवत होतो. घास तसाच ठेवून म्हणालो, बरोबर केलंन त्याने. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

नावं खोडली याचं मला वाईट वाटत नाही. ते करायलाच हवं होतं. पण खोडल्यावर पुढच्या रविवारी वर जाऊन मी सांगायला हवं होतं, की काकी, ती नावं राहिली नाहीत. पुढच्या रविवारी मी गेलो. जेवलो. आलो. त्याच्या पुढच्याही. भाकरी वाढताना काकी आल्यागेल्याला सांगायच्या, "गुरजीनी लिवलीत सगळी. आता आमचा वॉर्ड होनार." मी ताटाकडे बघायचो. सांगितलं तर रविवार जाईल, ही माझी भीती होती. दुसरं काही कारण शोधून मला सापडलेलं नाही.

तीनेक वर्षं गेली. पंचायतीची निवडणूक जवळ आली. तालुक्याहून एक कारकून वॉर्ड पाडायला आले आणि दुपारचा डबा खायला शाळेत बसले. त्यांनी गावाचा नकाशा माझ्या टेबलावर पसरला. बोटाने सडा दाखवून म्हणाले, "ही वाडी नऊ माणसांनी कमी पडते. टाकतो खालच्या वॉर्डात. तीन जागांचा एकच होईल, सगळ्यांची मतं एकत्र."

"दुसरं काही होत नाही?" मी विचारलं.

"होतं की. चढाच्या पायथ्याला ही चार घरं आहेत ना, ती वर जोडली की भरली संख्या. स्वतंत्र वॉर्ड. पण कोणी मागायला पाहिजे. मी आपणहून कशाला करू? यादी लावतो चावडीवर, मुदतीत हरकत आली तर बघू." आणि लोणच्याची फोड चोखत म्हणाले, "हरकत घेणारा वाचतो कुठे, मास्तर?"

कागद चावडीच्या दारावर लागला. शाळेत जाता-येताना मी त्याच्यासमोरून जायचो. सड्यावरचं कोणी वाचायला आलं नाही. वाचायचं कशाला? त्यांचं काम गुरुजींनी केलेलं होतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी काकी हंडा डोक्यावर घेऊन तिथून चालल्या होत्या, मला बघून थांबल्या.

"कसला कागद हो?"

"पंचायतीचा."

"झाला ना आमचा वॉर्ड?"

तेव्हा सांगता आलं असतं. एक साधा अर्ज, तीन ओळींचा, मीच लिहून दिला असता. पण अर्जात लिहावं लागलं असतं की नऊ माणसं कमी पडतात. आणि काकींनी विचारलं असतं, कमी कशी पडतात? तुम्ही तर सगळी लिहिली होती.

"अजून पक्कं नाही," मी म्हणालो.

"तुमी लिवलंय म्हंजे व्हनार," म्हणून त्या गेल्या. हंड्यातलं पाणी हिंदकळून त्यांच्या खांद्यावर ओघळत होतं. मुदत संपली त्या दिवशी चावडीच्या शिपायाने कागद काढला.

वॉर्ड जाहीर झाल्यावर काकींना कळलं. त्या तडक शाळेत आल्या. मला वाटलं, आता. पण त्या म्हणाल्या, "तालुक्यावाल्यांनी खाल्ली आमची मानसं. तुमी लिवलेली खाल्ली." मी त्यांना पाण्याचा तांब्या दिला. व्हरांड्यात बसून त्या पाणी प्यायल्या, मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "ऱ्हावदे. मी उभी ऱ्हाते. बाप्ये हायत कुठे उभे ऱ्हायला?" वाडीतल्या बायकांनी आधी चेष्टा केली, काकी सभासद होऊन खुर्चीत बसनार, आमाला पानी पाजनार. मग सगळ्या त्यांच्यामागे उभ्या राहिल्या.

आता भिस्त मुंबईच्या मतांवर होती. धाकट्याला पत्र गेलं. मीच लिहिलं. खोलीतल्या सगळ्या बाप्यांची नावं काकींनी सांगितली, मी एकाखाली एक उतरवली. ती मी आधी एकदा लिहिली होती. कोणाचं नाव कोणानंतर येणार हे मला पाठ होतं. धाकट्याचं उत्तर आलं, आये, काळजी करू नको, ट्रक ठरवतो, सगळ्यांना घेऊन येतो.

मतदानाच्या दिवशी पहाटेपासून बायका गाडीरस्त्याच्या वळणावर जाऊन उभ्या होत्या. ट्रक आला नाही. दुपारी सावर्ड्याहून चालत पाच जण आले, त्यांत थोरला होता. धाकटा नव्हता. खालच्या वाडीतल्याही काही बायकांनी काकींना मत दिलं होतं, म्हणून त्या पडल्या त्या थोडक्यात. खोलीतले सगळे आले असते तर काकी निवडून आल्या असत्या, हे वाडीत ज्याला त्याला बोटांवर मोजून दाखवता येत होतं.

मला आणखी एक मोजता येत होतं. ती चार घरं वर जोडून वॉर्ड वेगळा झाला असता, तर मुंबईहून एकही माणूस यायची गरज नव्हती. वाडीतल्या बायकांच्या मतांवर काकी निवडून आल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या धाकट्याला पाठवायचं पोस्टकार्ड घेऊन आल्या.

"लिवा. तुझ्यामुळे माझं तोंड सगळ्या गावात काळं झालं. लिवा. आता माझ्या दारात येऊ नको. मी मेले तरी येऊ नको."

"काकी, चार दिवस जाऊ द्या."

"तुमाला नाय जमत तर पोस्टात जाऊन लिवून घेते."

मी लिहिलं. शाईने. एक शब्द मवाळ केला नाही, कारण त्या छापल्यासारखं अक्षर वाचू शकायच्या आणि माझं अक्षर तसंच होतं. पत्ता विचारावा लागला नाही. शाळेच्या भिंतीला टपालपेटी होती, तीत कार्ड मी टाकलं. त्या बघत उभ्या होत्या.

धाकट्याचं उत्तर आलं तेही मीच वाचलं. मुकादमाने रजा दिली नव्हती, जाईल त्याला परत घेणार नाही म्हणाला. खोलीतल्या बहुतेकांची पोटं त्या एका कामावर. ज्यांची कामं दुसरीकडे होती ते पाच जण आले. ट्रकवाल्याला नको सांगून तो कामावर गेला होता. आये, माझं चुकलं, असं शेवटी होतं. काकींनी पत्र घेतलं, घडी घातली, तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. उत्तर लिहायला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्या दिवशी भाकरी कच्ची होती आणि आम्ही दोघांनी ती खाल्ली.

मग शिमगा आला. आमच्या त्या गावात होळीनंतर ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. रीत अशी, की खळ्याच्या तोंडाशी घरचा पुरुष पालखीला खांदा देतो आणि ती आत आणतो. मग बाई ओटी भरते, आणि गावचा मानकरी देवीला त्या घराचं गाऱ्हाणं घालतो. गाऱ्हाण्यात घरातल्या माणसांची नावं घेतात. मुंबईला असलेल्यांची तर आधी घेतात. त्यांना सांभाळ म्हणून.

थोरल्याची रजा निवडणुकीत संपली होती, तो आला नव्हता. धाकटा आला होता, पण सड्यावर चढला नाही. खाली देवळाच्या सहाणेपाशी, पालखी ठेवतात त्या चौथऱ्यापाशी, मी त्याला दुरून पाहिलं. त्याने मला हात केला. मी न बघितल्यासारखं केलं.

पालखी काकींच्या खळ्याच्या तोंडाशी थांबली. ढोल थांबले. मानकरी म्हणाले, "घरचा कोन हाय?"

"गुरजी हायत," काकी म्हणाल्या. "ते घरचेच."

कोणी हरकत घेतली नाही. माझ्या खांद्यावर दांडा आला. तो मला वाटला होता त्यापेक्षा जड होता. मी पालखी आत आणली, काकींनी नारळ, तांदूळ, खण घालून ओटी भरली. मानकऱ्यांनी हात जोडून गाऱ्हाणं सुरू केलं. मुंबईला पोटापाण्यासाठी गेलेली लेकरं, म्हणाले, आणि नावांसाठी काकींकडे बघितलं.

काकींनी थोरल्याचं नाव सांगितलं. सुनेचं सांगितलं. नातवाचं सांगितलं. मानकऱ्यांनी ती एकेक करून देवीला सांगितली. मग ते थांबले.

"आनि धाकटा?" मानकऱ्यांनी हळूच विचारलं.

काकी पालखीकडे बघत होत्या. मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. मला ते नाव ठाऊक होतं. मी ते त्याच पडवीत बसून लिहिलं होतं, वाचून दाखवलं होतं आणि खाली जाऊन खोडलं होतं. खांद्यावर दांडा तसाच घेऊन मला ते म्हणता आलं असतं. त्याच्यामागून नावं खोडल्याचंही सांगता आलं असतं, देवीपुढे, सगळ्या वाडीपुढे. मला नावं सांगणाऱ्या सगळ्या त्याच तर बायका होत्या.

"एवढीच मानसं," काकी म्हणाल्या.

मानकऱ्यांनी हात खाली केले. ढोल वाजू लागले. पालखी पुढच्या घराकडे निघाली आणि दांडा माझ्या खांद्यावर होता म्हणून मीही तिच्याबरोबर निघालो.

त्या जूनमध्ये माझी बदली झाली. मी मागून घेतली होती.